गणिती भास्कराचार्य : जीवा, शर आणि व्यास

वर्तुळातील कोणतीही जीवा व्यासाहून मोठी असू शकत नाही, हे वर्धा जिल्ह्यातील नववीचा प्रत्येक विद्यार्थी भूमितीच्या पुस्तकात वाचतो. बहुतेकांना तो परीक्षेपुरता पाठ करावयाचा नियम वाटतो. महाराष्ट्राच्या भूमीत होऊन गेलेल्या एका थोर गणितज्ञाने जीवा आणि व्यास यांचे नाते किती सोप्या आकड्यांत उलगडून दाखविले, याची आठवण या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि धम्मबांधव यांना करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मधला. सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेले विज्जडविड हे आपले गाव, असे त्यांनीच नोंदवून ठेवले आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत. पुढे इ.स. ११८३ मध्ये, जवळजवळ सत्तरीत असताना, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ या पूर्वीच्या गणितज्ञांचे आपल्यावर असलेले ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे.

लीलावती ही त्यांची कन्या होती, घटिकापात्रात मोती पडल्याने तिच्या विवाहाचा मुहूर्त चुकला आणि तिच्या सांत्वनासाठी हा ग्रंथ लिहिला गेला, अशी कथा घरोघरी सांगितली जाते. मूळ ग्रंथात या कथेचा मागमूसही नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने इ.स. १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेतून ती पसरली. मुहूर्ताच्या कथेपेक्षा ग्रंथातील गणितच अधिक रंजक आहे.

जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य मानले, तर त्याची दोन टोके जोडणारी रेषा ही जीवा होते आणि जीवेच्या मध्यापासून कंसाच्या मध्यापर्यंतचे अंतर हा शर, म्हणजे बाण. लीलावतीत १० व्यासाचे वर्तुळ घेतले आहे. त्यात ६ लांबीची जीवा काढली, तर शर किती, असा प्रश्न आहे. उत्तर १ येते. ते असे पडताळता येते. जीवेचा अर्धा भाग ३. शराने व्यासाचे १ आणि ९ असे दोन भाग होतात. एक गुणिले नऊ बरोबर नऊ, आणि तीन गुणिले तीनही नऊच. अर्ध्या जीवेचा वर्ग आणि व्यासाच्या दोन भागांचा गुणाकार नेहमी समान असतो. हा नियम आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्येच सांगितला होता. भास्कराचार्यांनी जीवा, शर आणि व्यास यांपैकी कोणत्याही दोहोंवरून तिसरे काढण्याची रीत त्यातून सुटसुटीतपणे मांडली.

आता शर वाढवीत नेऊ. शर २ असेल, तर दुसरा भाग ८; गुणाकार १६, अर्धी जीवा ४ आणि पूर्ण जीवा ८. शर ५ झाला, की व्यासाचे दोन्ही भाग समान होतात. गुणाकार २५, अर्धी जीवा ५ आणि जीवा १०. म्हणजे ती व्यासच झाली. शर याहून वाढविला, तर जीवा पुन्हा लहान होऊ लागते. केंद्रातून जाणारी जीवाच सर्वांत मोठी का, याचे उत्तर या चार ओळींच्या आकडेमोडीत आहे. अशोकचक्राचे २४ आरे समोरासमोर जोडले, की १२ व्यास होतात. ते सारे केंद्रातून जातात आणि सारखेच लांब असतात.

या नियमाचे सामर्थ्य मोठे आहे. अर्ध्या जीवेच्या वर्गाला शराने भागावे आणि त्यात शर मिळवावा, की व्यास मिळतो. मोडक्या चाकाच्या काठाचा एक तुकडा हाती असला, तरी पूर्ण चाक केवढे होते ते सांगता येते. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपांचे अवशेष प्रकाशात आले. अशा गोल वास्तूचा थोडासाच काठ मातीबाहेर दिसत असला, तरी दोरी आणि मोजपट्टी घेऊन तिचा व्यास काढता येतो.

भास्कराचार्यांच्या पश्चात त्यांचे पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव यांनी यादवांच्या दरबारी विद्वान म्हणून मान मिळविला. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चांगदेवांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या तेथील शके ११२८ च्या शिलालेखात या मठाला मिळालेल्या दानाची नोंद आहे. लेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत असून बाजारातील मालावरील उत्पन्न आणि प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे, असे त्यात म्हटले आहे.

त्या पळीभर तेलापाशी आम्ही थांबतो. ज्ञानाचा दिवा घाण्यावर राबणाऱ्यांच्या तेलावर जळत होता. परंतु संस्कृत विद्येची दारे शूद्रातिशूद्रांना बंद होती. ही दारे पुढेही शतकानुशतके बंदच राहिली. शालेय जीवनात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना संस्कृत शिकू दिले गेले नाही आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. ज्यांच्या पूर्वजांनी तेल दिले, त्यांच्या लेकरांना ग्रंथ मिळाला नाही, हा इतिहास भास्कराचार्यांचा गौरव करतानाही विसरता येणार नाही. निवासी शाळा आणि वसतिगृहे आमच्या समाजाला एवढी मोलाची वाटतात, ती यामुळेच.

गणिताचा नियम मात्र कोणाची जात विचारीत नाही आणि कोणाच्या अधिकारावर टिकूनही राहत नाही. लीलावतीतील नियमांची सिद्धता कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकात आपल्या टीकेत दिली. ग्रंथाबद्दल आदर असूनही त्यांनी नियम तपासूनच घेतला. परंपरा, ग्रंथ किंवा गुरू यांच्या शब्दावर विसंबून न राहता स्वतः पारखून घ्यावे, हा मार्ग तथागतांनी कालामांना दाखविला होता. तोच मार्ग भूमितीच्या वर्गातही चालतो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. घरी वा वस्तीत नववीचे मूल असेल, तर त्याच्याजवळ बसावे. दोरा आणि खडू घेऊन अंगणात १० वीत व्यासाचे वर्तुळ काढावे, ६ वितींची जीवा टाकावी आणि शर त्यालाच मोजू द्यावा. तो एक वीत भरला, की हा नियम त्या मुलाच्या मालकीचा झाला. मग तो कोणी काढून घेऊ शकणार नाही.