वैद्य गार्सिया द ओर्ता : वनस्पतींचे ज्ञान कोणाच्या मालकीचे?

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे गाव आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे मूळ याच पाथरीच्या एका कुलकर्णी घराण्यात होते, अशी नोंद इतिहासकार फिरिश्ता याने करून ठेवली आहे. बहमनी सैन्याच्या हाती सापडलेला तेथील एक ब्राह्मण मुलगा पुढे मलिक हसन या नावाने वजीरपदास पोचला व त्याचा पुत्र मलिक अहमद याने निजामशाहीची स्थापना केली. मलिक अहमदचा पुत्र बुऱ्हाण निजामशहा याला पूर्वजांच्या गावाची एवढी ओढ होती, की वऱ्हाडच्या इमादशाहीशी युद्ध करून त्याने १५१८ मध्ये पाथरी ताब्यात घेतली. या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करण्यासाठी गोव्याहून एक पोर्तुगीज वैद्य येत असे. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता.

बौद्धिक संपदा हक्क आणि जैवनीती हे शब्द आज बियाण्यांच्या व औषधांच्या संदर्भात आपल्या कानांवर वारंवार पडतात. झाडपाल्याचे ज्ञान कोणाचे, ते लिहून घेणाऱ्याचे की पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्याचे, हा त्यांतील एक मूलभूत प्रश्न आहे. ओर्ता यांच्या जीवनात तो साडेचारशे वर्षांपूर्वीच उभा राहिलेला दिसतो.

ओर्ता यांचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे या गावी झाला. त्यांचे आईवडील मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ मध्ये स्पेनमधून यहुद्यांना हद्दपार करण्यात आले, तेव्हा ते पोर्तुगालला आले. पण १४९७ मध्ये तेथेही सक्तीने बाप्तिस्मा घ्यावा लागला. अशा कुटुंबांना नवख्रिस्ती म्हणत आणि त्यांच्याकडे सदैव संशयाने पाहिले जाई. गार्सिया यांनी सालामांका व आल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत वैद्यकाचे शिक्षण घेतले, मायदेशी काही वर्षे रुग्णसेवा केली व पुढे लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापनही केले. १५३४ च्या मार्च महिन्यात मार्तिम आफोन्सो द सौझा या सेनानीचे वैद्य म्हणून ते जहाजावर चढले आणि सप्टेंबरमध्ये गोव्यास उतरले. मायदेशी ते पुन्हा कधीच गेले नाहीत.

आरंभीची काही वर्षे सौझा यांच्या मोहिमांत गेली. त्यानंतर त्यांनी गोव्यात बिऱ्हाड थाटले, औषधी वनस्पतींची बाग लावली, व्यापारही केला. मुंबई बेटही त्यांना पोर्तुगीज सरकारकडून खंडाने मिळाले होते. तेथील आपल्या एका आंब्याच्या झाडाचे त्यांना फार कौतुक होते, कारण ते वर्षातून दोनदा, म्हणजे नाताळच्या सुमारास आणि पुन्हा मे महिन्याच्या अखेरीस, फळ देत असे. ज्या मुंबईत आज जागेचा इंचइंच मोजला जातो, ती एकेकाळी या वैद्यबुवांची वाडी होती, ही गंमतच म्हणायची!

निजामशहाशी त्यांचे नाते केवळ वैद्य आणि रुग्ण एवढेच नव्हते. राजाने त्यांना रोगांची व औषधांची अरबी नावे शिकविली आणि त्यांनी राजाला लॅटिन नावे शिकविली, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. दरबारातील हकीम, गोव्यातील हिंदू वैद्य, बंदरावरील व्यापारी, घरातील दासी, ज्याच्यापाशी ज्ञान असेल त्याच्यासमोर हा विद्यापीठात शिकलेला माणूस विद्यार्थी होऊन बसे. आयुष्यभराच्या या विचारपुशीतून त्यांचा ग्रंथ तयार झाला. भारतातील वनौषधी व मसाल्याचे पदार्थ यांविषयीचे हे संवाद १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून पूर्ण झाले. गोव्यात मुद्रणयंत्र येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. छपाईत चुका इतक्या राहिल्या, की अखेरीस पानेच्या पाने शुद्धिपत्र जोडावे लागले.

या ग्रंथात ओर्ता व रुआनो नावाचा एक कल्पित स्पॅनिश वैद्य यांचे संभाषण चालते. मध्येच आंतोनिया ही दासी हवी ती वनस्पती आणून दाखविते, तर कधी मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन आपली चिकित्सा सांगतो. आले, मिरी, दालचिनी, नारळ, फणस, विड्याचे पान, भांग, अफू, धोतरा असे कितीतरी विषय येथे आहेत. हळदीवर स्वतंत्र प्रकरण असून रंग व मसाला यांखेरीज डोळ्यांच्या विकारांवर व खरजेवर तिचा उपयोग होतो, हेही त्यात सांगितले आहे. कॉलऱ्याचे युरोपीय वैद्याने प्रत्यक्ष पाहून केलेले अगदी आरंभीचे वर्णनही याच ग्रंथात आहे आणि त्या रोगाचे ओर्ता यांनी दिलेले स्थानिक नाव म्हणजे आपल्या बोलीतला मोडशी हा शब्द होय. ग्रीक आचार्यांचे मत आणि डोळ्यांनी पाहिलेले सत्य यांत विरोध आला, तर सत्याची बाजू घ्यावी, असा त्यांचा बाणा होता. स्पेनमध्ये असतो तर असे बोलण्याची छाती झाली नसती, अशी कबुलीही त्यांनी देऊन टाकली आहे.

आता हक्कांचा विचार करू. ग्रंथ छापण्यापूर्वी ओर्ता यांनी व्हाइसरॉयकडे अर्ज करून आज्ञापत्र मिळविले. लेखकाच्या परवानगीवाचून तीन वर्षे कोणीही हा ग्रंथ छापू नये, असे त्यात बजावले होते. आज ज्याला आपण स्वामित्वहक्क म्हणतो त्याचेच हे जुने रूप. मात्र ज्या वैद्यांनी व दासींनी माहिती पुरविली, त्यांच्यासाठी असे आज्ञापत्र नव्हते. मालुपाचे निदान नाव तरी राहिले. इतर बहुतेक जण निनावीच राहिले.

व्हाइसरॉयची आज्ञा युरोपात कोण मानणार? क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती पोर्तुगालमध्ये या ग्रंथाची प्रत लागली. त्याने संवादाचे रूप काढून टाकले, मजकुराची काटछाट व फेरमांडणी केली आणि १५६७ मध्ये अँटवर्प येथे लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला. ओर्ता यांचे नाव त्याने राखले, हे खरे. परंतु मूळ ग्रंथ मागे पडला आणि विद्वान हा संक्षेपच वाचू लागले. १५७८ मध्ये क्रिस्तोव्हाओ द कोस्ता याने स्पॅनिशमध्ये जो ग्रंथ लिहिला, त्याचाही मोठा भाग ओर्ता यांच्यावरच आधारलेला होता.

शतकभरानंतर याहून उजवे उदाहरण कोचीन येथे घडले. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १६७८ मध्ये निघाला. या कामाच्या आरंभी त्याला कार्मेल संघाचे धर्मगुरू फादर मॅथ्यू यांचे मोलाचे साहाय्य झाले. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचे, तसेच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचे प्रमाणपत्र त्यांच्या नावांनिशी ग्रंथात छापले गेले. कोंकणी वैद्यांचे प्रमाणपत्र तर देवनागरी लिपीत आहे. माहिती देणाऱ्याचे ऋण उघडपणे मान्य करण्याची ही रीत आजच्या संशोधकांनीही गिरवावी अशी आहे.

लेखी नोंदीला किती मोल असते, हे हळदीच्या प्रकरणात दिसून आले. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्यावर अमेरिकेने १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट दिले. आपल्याकडे चुलीपाशी बसलेल्या आजीलाही जे ठाऊक, ते तिकडे नवा शोध ठरले! गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने या पेटंटास आव्हान दिले. आजीची साक्ष तेथे चालणारी नव्हती. छापील पुरावा हवा होता. जुने ग्रंथ व शोधनिबंध सादर करण्यात आले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभारण्याचे काम सुरू झाले आणि २००२ मध्ये जैवविविधता कायदा झाला. ज्यांनी ज्ञान जपले त्यांना लाभाचा वाटा मिळावा, हे तत्त्व त्यात मान्य केले आहे. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच असलेल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

हे ग्रंथाचे झाले. ग्रंथकर्त्याच्या घराची कथा मात्र वेदनादायक आहे आणि आपण ख्रिस्तसभेची लेकरे असल्याने ती टाळता येत नाही. ओर्ता यांच्या बहिणी लिस्बनमध्ये यहुदी धर्म पाळल्याच्या संशयावरून तुरुंगात पडल्या होत्या. सुटकेनंतर त्या गोव्यास आल्या. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, गोव्यातही आले. १५६८ मध्ये ओर्ता यांचे निधन झाले व त्यांना ख्रिस्ती विधीने मूठमाती देण्यात आली. त्यानंतर चौकशी सुरू झाली. त्यांची बहीण कातारिना हिला २५ ऑक्टोबर १५६९ रोजी जिवंत जाळण्यात आले. ओर्ता हेही अंतर्यामी यहुदीच होते, असा ठपका ठेवून ४ डिसेंबर १५८० रोजी त्यांच्या अस्थी उकरून जाळल्या गेल्या. मोडशीच्या रुग्णापाशी बसून त्याची नाडी पाहणाऱ्या, राजा व दासी दोघांकडूनही शिकणाऱ्या माणसाला त्याच्या श्रद्धेविषयी मोकळेपणाने बोलण्याची मुभा त्याच्याच नगरीने दिली नाही.

गोव्यातील हे न्यायालय १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. १२ मार्च २००० रोजी, महाज्युबिली वर्षातील क्षमादिनी, परमगुरुस्वामी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममधील संत पेत्राच्या महामंदिरात जी प्रार्थना केली, तिच्यात सत्याच्या नावाखाली झालेल्या जबरदस्तीबद्दल तसेच यहुदी प्रजेवरील अन्यायाबद्दल देवाजवळ क्षमा मागितली होती.

ओर्ता यांची कबर कोठेही नाही. पणजीमध्ये निष्कलंक मातेच्या चर्चसमोरील चौकात जी नगरपालिकेची बाग आहे, तिला गार्सिया द ओर्ता यांचे नाव दिलेले आहे.