पोटातली दुर्बीण सुरक्षित कशी झाली? रुडॉल्फ शिंडलर यांची गोष्ट

कोरीटच्या आमच्या मामांना नंदुरबारच्या डॉक्टरांनी पोटाची एंडोस्कोपी सांगितली. मामांनी मोबाईलवर सर्च केलं, तर वरतीच दिसलं: अन्ननलिकेला छिद्र पडू शकतं. झालं, मामा हटून बसले. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण या यंत्राचा इतिहास वाचायला घेतला आणि रुडॉल्फ शिंडलर भेटले.

१८६८ मध्ये जर्मनीत कुसमाउल यांनी पोट पाहायची ताठ नळी चक्क तलवार गिळणाऱ्या कलाकारावर वापरली होती. साध्या पेशंटला हे कसं जमणार?

शिंडलर यांचा जन्म १८८८ चा, बर्लिनचा. म्युनिकमध्ये तेही आधी ताठ नळीच वापरायचे. भीती एकच, आत नळी टोचून अन्ननलिका फाटण्याची. १९३२ मध्ये गेओर्ग वोल्फ या यंत्रकारासोबत त्यांनी खालचा भाग वाकणारी नळी बनवली. आत ओळीने बारीक भिंगं, त्यामुळे नळी थोडी वाकली तरी चित्र डोळ्यापर्यंत येतं. तपासणीच्या वेळी त्यांच्या पत्नी गॅब्रिएल पेशंटचं डोकं धरून बसायच्या.

ज्यू वंशाचे म्हणून नाझी काळात कैद झाली. १९३४ मध्ये ते शिकागोला गेले. मला सगळ्यात भारी वाटलं ते तिथलं काम: इतर डॉक्टरांना प्रश्नावली पाठवून या तपासणीत झालेल्या मृत्यूंची माहिती त्यांनी गोळा केली आणि १९४० मध्ये छापली. आमच्या भाषेत बग रिपोर्ट! स्वतःच्याच यंत्राचा असा हिशोब कोण मांडतं? १९६८ मध्ये त्यांचं निधन झालं.

आजची नळी पूर्ण लवचिक असते, टोकाला कॅमेरा. नुसत्या तपासणीत छिद्र पडणं हजारोंमध्ये एखाद्याला. त्यापेक्षा लक्ष ठेवावं लागतं ते गुंगीच्या औषधाकडे: श्वास मंदावू शकतो, पोट भरलेलं असेल तर उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून डॉक्टर सांगतील तितके तास उपाशी राहायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगायच्या, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. नंतर छातीत-पोटात जोरात दुखलं, ताप आला, रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली, तर थेट हॉस्पिटल.

मामा शेवटी तयार झाले. आत सिस्टरांनी त्यांचं डोकं धरलं होतं, तेव्हा मला गॅब्रिएलच आठवल्या. तपासणी काही मिनिटांत आटोपली. गुंगी दिलेली, म्हणून बाईकऐवजी रिक्षाने कोरीटला आलो. घरी पोचल्यावर मामांनी पहिलं काय विचारलं असेल, तर मिरचीचा ठेचा कधीपासून चालेल.