रुग्णाच्या सोबत्याचा कैवारी : श्री गाडगे महाराज

वऱ्हाडच्या मातीने जी थोर माणसे महाराष्ट्रास दिली, त्यांत श्री गाडगे महाराज यांचे स्थान आगळे आहे. हातात खराटा, डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर आणि अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एवढीच ज्यांची मिळकत, त्या पुरुषाने दिवसा गावोगावचे उकिरडे झाडले आणि रात्री कीर्तनाच्या योगे लोकांच्या मनांतील अज्ञान झाडले, ही हकीकत आपल्याकडील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु त्यांच्या चरित्राची एक बाजू जितकी सांगितली जावी तितकी सांगितली जात नाही. ती बाजू रुग्णसेवेची होय. महाराज वैद्य नव्हते; रुग्णालयाची विद्याही त्यांनी कधी शिकली नव्हती. तरीही आजाऱ्याची शुश्रूषा कोठे सुरू होते आणि कोणाच्या बळावर चालते, हे मर्म त्यांना पुरतेपणी उमगले होते. ते आपल्या धर्ममताचे नव्हते हे खरे. पण ते आपल्याच जिल्ह्यांत जन्मले, वाढले आणि निवर्तले. म्हणून शेजाऱ्याचे ऋण मानून हे चरित्र येथे सादर करीत आहोत.

त्यांचे मूळचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी मद्याच्या आहारी गेले, आणि त्या व्यसनाने शरीर पोखरून १८८४ साली त्यांचा अंत झाला. तेव्हा डेबूजी अवघ्या आठ वर्षांचा होता. रोग म्हणजे काय, याचा पहिला धडा त्या बालकास आपल्याच घरात मिळाला. काही रोग दैवाने येतात, तर काही माणूस स्वतः घरात बोलावून आणतो. आणि आजारी पडतो एकटा, पण त्याचा भार सोसते सगळे घर, हे त्याने डोळ्यांनी पाहिले.

विधवा सखुबाई मुलास घेऊन अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात, दापुरे येथे आपल्या माहेरी आली. तेथे डेबूजी गुरे राखू लागला व पुढे शेतीत निष्णात झाला. मामा चंद्रभान यांची जमीन सावकाराच्या पाशात सापडली व त्या धक्क्याने मामाही खचून मरण पावले. दुःख, दारिद्र्य, कर्ज व आजार ही एकाच साखळीची कडी आहेत, हे डेबूजीस पुन्हा एकदा दिसले. १८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. मुलीच्या बारशास जातीच्या रूढीप्रमाणे मद्यमांसाची पंगत द्यावी, असा भाऊबंदांचा आग्रह होता. डेबूजींनी तो मोडून काढला व गोडाधोडाचे जेवण घातले. जातभाई रागावले, पण ज्या विषाने बापाचा बळी घेतला ते त्यांनी आपल्या उंबरठ्याच्या आत येऊ दिले नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या २९व्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. अंगावर फाटके वस्त्र आणि हातात मातीचे गाडगे घेऊन ते भटकू लागले. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. एखाद्या गावात शिरले की ते प्रथम खराटा हाती घेत. गल्ल्या, गटारे, देवळाभोवतालची घाण, सारे झाडून काढीत. काम केल्यावाचून कोणाचे अन्न घेत नसत. सायंकाळी जागा स्वच्छ झाली की तेथेच कीर्तन उभे राही. अस्सल वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांस प्रश्न विचारीत, उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवीत, आणि व्यसन, कर्ज, अस्पृश्यता, पशुबळी व अज्ञान यांवर प्रहार करीत. कोणास पाया पडू देत नसत, कोणास शिष्य म्हणवीत नसत.

या खराट्याचा रुग्णसेवेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. १८५४ साली लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी पटकीचा उगम एका दूषित पंपाच्या पाण्यात शोधला. त्याच वर्षी फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धातील जखमींच्या सेवेस स्कुटारीच्या रुग्णालयात गेल्या. तेथे शिपाई जखमांनी मरत त्याहून अधिक रोगांनी मरत होते. १८५५ साली त्या इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ झाली व हवा खेळती केली गेली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. आधुनिक परिचर्येचा पाया असा गटाराच्या सफाईवर घातला गेला आहे. आपल्याकडे पंढरपूरची वारी आणि पटकीची साथ यांची सांगड पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती. वारकरी भक्तीने निघत आणि अनेक जण वाटेतच आडवे होत. महाराजांनी ही पुस्तके वाचली नव्हती, कारण त्यांना शाळा लाभली नव्हती. तथापि यात्रेच्या जागी ते खराटा घेऊन उभे राहत, तेव्हा किती खाटा भरण्यावाचून राहिल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. रोग्यास बरे करणे हे पुण्य आहे. पण माणसास रोगी होऊच न देणे हे त्याहून शांत आणि न दिसणारे पुण्य आहे.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौष महिन्यात तेथे यात्रा भरते. नदीस घाट नसल्याने चिखलात माणसे घसरत व वृद्धांचे हाल होत. महाराजांनी लोकांकडून पैसा व श्रम मागून तेथे घाट बांधविला. त्याच यात्रेत ते आंधळे, पांगळे व महारोगी यांना एकत्र करून अन्नवस्त्र देत. त्या काळी महारोगावर खात्रीचा उपाय नव्हता. गुणकारी औषधे १९४० नंतर हळूहळू मिळू लागली, आणि अनेक औषधांची एकत्रित योजना तर १९८२ साली आली. तोवर महारोग्यास गावाबाहेर काढणे हीच जगाची रीत होती. ज्यास औषध देता येत नाही त्यासही जेवण देता येते, स्वच्छ वस्त्र देता येते, आणि त्यास माणूस म्हणून हाक मारता येते, हे महाराजांनी कृतीने दाखविले. आज कोणतीही जाणती परिचारिका हेच सांगेल की, जेथे उपचार संपतात तेथे शुश्रूषा संपत नाही.

दुःखाने त्यांचेही घर सोडले नाही. १९२३ साली त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंदा पिसाळलेले कुत्रे चावल्याने मरण पावला. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८८५ सालीच या रोगावरील लस माणसास टोचून दाखविली होती, आणि हिंदुस्थानातही १९०० साली कसौली येथे तिची संस्था निघाली होती. परंतु वऱ्हाडातील गरिबाच्या मुलापासून कसौली शेकडो कोस दूर होती. विद्या जगात असणे आणि ती गरिबाच्या दारापर्यंत पोहोचणे, यांतील अंतर किती जीवघेणे असते, ते यावरून दिसते. महाराज त्या वेळी कोकणात खारेपाटण येथे कीर्तनात होते. वार्ता आली तरी त्यांनी कीर्तन थांबविले नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पित्याचे अंतःकरण त्या रात्री कसे राहिले असेल, ते परमेश्वरच जाणे.

पुढील काळात महाराजांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारल्या. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा क्षेत्रांच्या ठिकाणी यात्रेकरूंस आसरा मिळाला. पंढरपूर येथे अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांसाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधविली, व ती १९४९ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांच्या संस्थेच्या स्वाधीन केली. या साऱ्या इमारतींत लाखो रुपये लागले. महाराजांनी त्यांत स्वतःसाठी वा कुटुंबासाठी काही ठेवले नाही.

परंतु आमच्या मते त्यांच्या दूरदृष्टीची खरी खूण मुंबईत आहे. भायखळ्याचे जमशेटजी जीजीभाई रुग्णालय १८४५ पासून गोरगरिबांचा आधार झालेले. दूरदूरच्या खेड्यांतून तेथे रोगी येत. रोग्यास खाट मिळे. पण त्यास घेऊन आलेली पत्नी, म्हातारा बाप किंवा भाऊ यांस कोठेही थारा नसे. ती माणसे पदपथावर चूल मांडीत व पावसात भिजत. महाराजांची दृष्टी खाटेवरच्या रोग्यापाशी न थांबता दाराबाहेर बसलेल्या त्या सोबत्यापर्यंत गेली, आणि रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभी राहिली. त्यांच्या पश्चात त्यांच्या नावाच्या संस्थेने दादर येथेही अशीच सोय केली; परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी येणाऱ्या किती तरी कुटुंबांना तिचा आधार झाला.

सोबत्यास आसरा देणे हे रुग्णसेवेचेच अंग आहे, ही गोष्ट वाचकांनी नीट ध्यानी घ्यावी. मोठ्या माणसावर शस्त्रक्रिया झाली, किंवा तो दीर्घ ज्वराने वा पक्षाघाताने अंथरुणास खिळला, तर डॉक्टर दिवसातून एकदोनदा येतात. परिचारिका औषध देते, जखम धुते, नाडी व ताप पाहते; पण तिच्यावर अनेक खाटांचा भार असतो. उरलेले सारे तास सोबत्याचे असतात. रोग्यास थोड्या थोड्या वेळाने कुशीवर वळविले नाही तर पाठीस व्रण पडतात. शस्त्रक्रियेनंतर पाणी केव्हा द्यावे, अन्न कोणते द्यावे, हे परिचारिका सांगते, पण ते पाळतो सोबती. खोल श्वास घ्यावयास लावणे, आधार देऊन चार पावले चालविणे, तोंड स्वच्छ ठेवणे, लघवी झाली की नाही हे लक्षात ठेवून सांगणे, अर्ध्या रात्री चेहरा बदललेला दिसताच परिचारिकेस हाक मारणे, ही कामे लहान दिसतात, परंतु माणसाचे प्राण पुष्कळदा यांवरच तरतात. ज्या सोबत्याने तीन रात्री डोळा मिटला नाही, जो उपाशी आहे, ज्यास हात धुण्यास पाणी नाही, तो ही कामे कशी करील? तो स्वतःच आजारी पडेल, किंवा रोग्याच्या जखमेस आपल्या हातांनी संसर्ग देईल. म्हणून सोबत्यास झोप, भाकरी व पाणी देणारा मनुष्य रोग्याच्याच उशाशी उभा असतो.

महाराजांच्या जीवनाचा शेवट याच विषयास धरून झाला, ही मनास चटका लावणारी गोष्ट आहे. अखेरच्या दिवसांत प्रकृती ढासळत असतानाही त्यांचे फिरणे चालूच होते. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांना मोटारीतून अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी प्राण सोडला. हजारोंना निवारा देणाऱ्या या पुरुषास मरणसमयी छप्पर लाभले नाही. वाट हेच त्यांचे घर होते आणि वाटेवरच ते निमाले. अमरावतीच्या ज्या भागात त्यांची समाधी आहे तो आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो, आणि १९८३ साली स्थापन झालेले अमरावतीचे विद्यापीठही पुढे त्यांच्या नावाने विभूषित झाले.

महाराजांची म्हणून जी दशसूत्री सांगितली जाते, तीत भुकेल्यास अन्न, तहानेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, बेघरास आसरा आणि अंधपंगू व रोगी यांस औषधोपचार ही कर्तव्ये आहेत. ज्याने संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय वाचला आहे, त्यास ही नामावली अनोळखी वाटणार नाही. आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात दयेची शारीरिक कृत्ये पाठ केली. शेंडगावच्या या निरक्षर पुरुषाने ती पाठ केली नव्हती, पण आयुष्यभर केली. यात आपल्यासाठी अभिमानाचे काही नाही. विचार करावयाचे मात्र पुष्कळ आहे.

आजही धारणी-चिखलदऱ्याचे कोरकू कुटुंब आपला रोगी घेऊन मेळघाटचा घाट उतरते व अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात येते. बुलढाणा-वाशीमकडचा शेतकरी आपल्या भावास घेऊन अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाची पायरी चढतो. रोग्यास खाट मिळते. दाराबाहेर वैशाखाच्या उन्हात गाठोडे उशाशी घेऊन बसलेल्या सोबत्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. जयंतीउत्सवाच्या या वर्षी आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने महिन्यातून एक वेळ तरी एका सोबत्यास घरची भाकरी, प्यावयास पाणी आणि दोन तासांची झोप मिळवून द्यावी. तेवढा वेळ रोग्यापाशी आपण बसावे. आजाऱ्याची भेट घेणे ते हेच, आणि त्यासाठी मोठी देणगी नव्हे, तर आपली एक दुपार लागते.