दऱ्याखोऱ्यांचा पांथस्थ : मेडोज टेलर

कळंब गावाच्या कडेने मांजरा नदी वाहते. उन्हाळ्यात तिचे पात्र रोडावते आणि पावसाळ्यात तीच दोन्ही तीर भरून वाहू लागते. कळंबहून दक्षिणेची वाट धरली, की येडशीजवळ रामलिंगाची दाट झाडीची दरी लागते. आणखी पुढे बालाघाटाच्या कडेला तुळजापूर वसले आहे, आणि त्याहून पुढे बोरी नदीच्या काठी नळदुर्गचा प्रचंड किल्ला उभा आहे. आज आपण या वाटेने मोटारीतून जातो, तेव्हा या दऱ्या क्षणभर दिसतात आणि मागे पडतात. परंतु सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका परदेशी तरुणाने हा मुलूख घोड्यावरून आणि पायी हिंडून पाहिला व त्यावर जन्मभर प्रेम केले. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर.

टेलर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरी झाला. वडिलांचा व्यापार बुडाला, त्यामुळे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना लहान वयातच एका व्यापाऱ्याच्या कचेरीत काम धरावे लागले. १८२४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, ते मुंबईस आले. ज्या व्यापाऱ्याच्या भरवशावर ते आले होते, त्याची स्थिती स्वतःच डळमळीत झाली होती. अशा वेळी एका नातलगाच्या साहाय्याने त्यांना निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि ते औरंगाबादेस दाखल झाले.

परक्या देशात एकट्या पडलेल्या या मुलाने एक गोष्ट लवकर ओळखली. ज्या लोकांत राहावयाचे, त्यांची भाषा आली पाहिजे. त्यांनी हिंदुस्थानी, फारसी व मराठी या भाषांचा कसून अभ्यास केला. त्यामुळेच विशीही न गाठलेल्या या तरुणावर पोलीस खात्याची जबाबदारी सोपविण्यात आली. तुळजापूर व नळदुर्गच्या बाजूचा मुलूख तेव्हाच त्यांच्या पायाखालून गेला. तंबू ठोकावा, गावकऱ्यांशी त्यांच्याच बोलीत बोलावे, तक्रारी ऐकाव्या आणि उरलेल्या वेळात परिसर न्याहाळावा, असा त्यांचा क्रम असे. ते उत्तम चित्रे काढीत. मोजणीची विद्या व भूगर्भशास्त्र यांचे ज्ञान त्यांनी बहुतेक स्वतःच मिळविले.

नळदुर्गचा किल्ला त्यांच्या मनात कायमचा ठसला. बोरी नदीने काळ्या खडकात खोल दरी कोरली आहे. त्या दरीत पुढे घुसलेल्या पठारावर हा किल्ला बांधलेला आहे. समोरच्या टेकडीवर रणमंडळ नावाचा दुसरा कोट आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, या दोहोंच्या मध्ये सुमारे ९० फूट उंचीचा दगडी बांध घालण्यात आला व नदी अडविण्यात आली. बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात बांधावरून पाण्याचे लोट कोसळतात आणि तरीही आतील महाल कोरडा राहतो. नदीने दरी कोरली आणि माणसाने त्याच दरीचा उपयोग करून पाणी साठविले, हे दृश्य ज्याने डोळसपणे पाहिले, त्याला या कोरड्या मुलखात पाण्याचे मोल सांगावे लागत नाही.

१८३९ मध्ये टेलर यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. ठगांच्या टोळ्यांवरील या कादंबरीने त्यांचे नाव इंग्लंडभर गाजले. पुढे १८४१ मध्ये त्यांची नेमणूक सुरपूर संस्थानावर झाली. सुरपूर आज कर्नाटक राज्यात आहे. तेथील राजा लवकरच मरण पावला आणि गादीचा वारस व्यंकटप्पा नायक हा लहान मुलगा होता. संस्थान कर्जात बुडाले होते. टेलर यांनी सुमारे बारा वर्षे तेथील कारभार पाहिला, कर्जाची व्यवस्था लावली आणि बालराजाचा सांभाळ केला. तो मुलगा त्यांना प्रेमाने अप्पा म्हणे.

सुरपूरच्या प्रदेशात आपल्याकडील काळा खडक संपतो आणि त्याहून कितीतरी प्राचीन असा ग्रॅनाइटचा खडक दिसू लागतो. तेथे जलदुर्गापाशी कृष्णा नदी दख्खनच्या उंच पठारावरून खालच्या मैदानात उतरते. सुमारे ३ मैलांच्या अंतरात ती ४०० फुटांच्या आसपास खाली येते. एकच सरळ धबधबा तेथे नाही. खडकांच्या पायऱ्यांवरून, घळींतून आणि बेटांमधून फुटत, आदळत, फेसाळत नदी धावते. पुराच्या दिवसांत तिची गर्जना दूरवर ऐकू येते. या अद्भुत स्थळाचे वर्णन टेलर यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

भीमेच्या खोऱ्यात जेवर्गीजवळ त्यांना रानात मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आढळली. त्यांनी ती जागा काळजीपूर्वक खणविली. खाली प्राचीन मानवांची दफने निघाली. कोणता थर कोठे आहे आणि कोणती वस्तू कोणत्या थरात सापडली, हे दाखविणाऱ्या आकृत्या त्यांनी काढल्या. त्या काळी अनेक जण केवळ मौल्यवान वस्तूंच्या लोभाने असे खोदकाम करीत. टेलर यांना मातीचे थर वस्तूंइतकेच मोलाचे वाटले. शंभर वर्षांनंतर प्रसिद्ध पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी त्यांच्या या पद्धतीची वाखाणणी केली.

१८५३ मध्ये निजामाने काही जिल्हे इंग्रजांच्या हवाली केले. त्यांत नळदुर्गचा जिल्हा होता. आजच्या धाराशिव जिल्ह्याचा पूर्वज तो हाच. टेलर यांना तेथे मुख्य अधिकारी नेमण्यात आले आणि तरुणपणी पाहिलेल्या मुलखात ते पुन्हा आले. जमिनीची मोजणी सुरू झाली, रस्त्यांची आखणी झाली, न्यायाची घडी बसू लागली. वाटा, ओढे आणि गावे त्यांनी स्वतः पाहिलेली होती. त्यामुळे केवळ कागदावर विसंबून निर्णय करण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही.

परंतु त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग अजून यावयाचा होता. १८५७ चा उठाव झाला. टेलर त्या वेळी वऱ्हाडात नेमले गेले होते. १८५८ च्या आरंभी सुरपूरच्या तरुण व्यंकटप्पा नायकाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. त्याचा पराभव झाला व तो कैद झाला. टेलर त्याला तुरुंगात भेटावयास गेले. ज्याला लहानाचे मोठे केले, तो आज बेड्यांत समोर उभा होता. उठावात आणखी कोण सामील होते, त्यांची नावे सांगितल्यास शिक्षा सौम्य होईल, असे राजाला सुचविण्यात आले. राजाने ते साफ नाकारले. आपणास फाशी न देता तोफेच्या तोंडी द्यावे, एवढीच त्याची मागणी होती. टेलर यांनी त्याच्यासाठी रदबदली केली. मृत्युदंड टळला आणि शेवटी शिक्षा चार वर्षांच्या कैदेवर आली. पण कैदेच्या ठिकाणी नेले जात असतानाच वाटेत पिस्तुलाच्या गोळीने राजाचा अंत झाला.

टेलर यांनी हा प्रसंग आपल्या आत्मचरित्रात लपविला नाही. ते इंग्रज सत्तेचे चाकर होते, आणि राजा त्या सत्तेशी लढला होता. माणसाने एखाद्या भूमीवर कितीही प्रेम केले, तरी तिच्यावर परकी सत्ता चालविणाऱ्यांचा तो सेवक असेल, तर ते प्रेम एका मर्यादेपाशी येऊन थांबते. ती मर्यादा टेलर यांना ओलांडता आली नाही. आपल्या सोबत्यांची नावे न सांगणारा राजा त्या प्रसंगी मोठा ठरला, आणि त्याचा हा मोठेपणा आज आपणास कळतो, तो बहुतांशी त्याच्या अप्पांनी लिहून ठेवल्यामुळेच.

१८६० मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे टेलर मायदेशी परतले. तेथे बसून त्यांनी दख्खनवरच पुस्तके लिहिली. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तारा या कादंबरीची नायिका तुळजापूरची आहे आणि तिचा काळ शिवाजी महाराजांचा आहे. बालाघाटाची दरी, देवीचे मंदिर, तेथील माणसे ही सारी त्यांनी तरुणपणी पाहिली होती. इतक्या वर्षांनी आणि इतक्या दूर अंतरावरूनही ती त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहत होती.

वृद्धपणी त्यांची दृष्टी मंदावू लागली. तरीही १८७५ मध्ये ते पुन्हा हैदराबादेस आले. तेथे ते आजारी पडले आणि दृष्टी पुरती गेली. परत जात असता फ्रान्समधील मेंतों या गावी १३ मे १८७६ रोजी त्यांचा देहान्त झाला. पुढल्या वर्षी त्यांच्या कन्येने त्यांचे आत्मचरित्र प्रकाशात आणले.

ज्या डोळ्यांनी त्यांनी नळदुर्गची दरी आणि कृष्णेचा पूर पाहिला, ते डोळे अखेरीस मिटले. त्यांनी पाहिलेली स्थळे मात्र जागच्या जागी आहेत. मांजरेच्या काठी राहणाऱ्या मुलास ती पाहण्यासाठी सातासमुद्रांचा प्रवास करावयाचा नाही. आपल्या गावचा ओढा कोठून येतो, कोणता खडक कापतो आणि कोणत्या नदीस मिळतो, एवढे जरी त्याने स्वतः चालत जाऊन पाहिले, तरी आपल्या भूमीची ओळख त्याला होऊ लागेल. परका मनुष्य ज्या मुलखावर इतका लोभ जडवून गेला, तो मुलूख आपला स्वतःचा आहे. त्याला आपणच अनोळखी राहू नये.