आल्फ्रेड वेगेनर : मालवणच्या समुद्राचं कोडं सोडवणारा हवामानतज्ज्ञ

मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर सिंधुदुर्ग किल्ला आणि त्यामागे अरबी समुद्र दिसतो. हा समुद्र पहिल्यापासून इथेच होता असं वाटतं. पण सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आणि नंतर सेशेल्स भारताच्या पश्चिम बाजूपासून तुटले, तेव्हा तो आकाराला आला. खंड असे सरकतात, हे पुराव्यांसह मांडणारे वेगेनर मात्र भूगर्भशास्त्रज्ञ नव्हते.

त्यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिनमध्ये झाला. डॉक्टरेट मिळवली खगोलशास्त्रात, पण मन रमलं हवामानशास्त्रात. १९०६ मध्ये भाऊ कुर्ट यांच्यासह ते बलूनमधून सलग ५२ तासांहून जास्त हवेत राहिले. तो तेव्हाचा विक्रम होता. त्याच वर्षी ते पहिल्यांदा ग्रीनलंडला गेले.

जानेवारी १९१२ मध्ये त्यांनी आपला सिद्धांत मांडला. पहिल्या महायुद्धात जखमी झाल्यावर मिळालेल्या सक्तीच्या विश्रांतीत त्याचा विस्तार केला आणि १९१५ मध्ये पुस्तक आलं. ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म विदर्भातल्या कोळसापट्ट्यातही सापडतात आणि आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिकातही. एवढे समुद्र ओलांडून ती पसरली कशी? वेगेनर यांचं उत्तर साधं होतं : तेव्हा हे भूभाग एकत्रच होते.

अडचण एकच होती. खंडांना ढकलतं कोण, हे त्यांना पटेल असं सांगता आलं नाही. त्यांनी सुचवलेली बलं फारच क्षीण होती. त्यामुळे १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत सिद्धांतावर कडाडून टीका झाली.

१९३० मध्ये ग्रीनलंडच्या मध्यावरच्या हिमकेंद्रात राहणाऱ्या सहकाऱ्यांना सामान पोचवायला ते निघाले. पन्नासावा वाढदिवस तिथे झाला आणि त्याच दिवशी रास्मुस विलुमसेन यांच्यासह ते परत फिरले. वाटेतच वेगेनर गेले. मे १९३१ मध्ये त्यांचा मृतदेह बर्फात नीट पुरलेला सापडला. तो पुरणारे विलुमसेन कधीच सापडले नाहीत.

१९६० च्या दशकात समुद्रतळ दुभंगून पसरतो याचे पुरावे मिळाले आणि भूपट्ट सिद्धांत उभा राहिला. सरकतात ते नुसते खंड नाहीत, तर खंड आणि समुद्रतळ दोन्ही पोटात घेणारे भूपट्ट, हे कळलं. वेगेनर यांची यंत्रणा चुकली होती, मूळ कल्पना बरोबर होती.

मालवणला याचा उपयोग काय? कोकण किनारा भूपट्टाच्या कडेवर नाही, त्यामुळे त्सुनामी उठवणारी मोठी भेग दाराशी नाही. पण पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याजवळ, मकरानला, एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो. तिथे २८ नोव्हेंबर १९४५ रोजी सुमारे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या. धोका कुठून येईल हे ठाऊक असलं, तर लाट येईपर्यंतचा वेळ हाताशी लागतो. २००४ च्या त्सुनामीनंतर हैदराबादला उभारलेलं इशारा केंद्र २००७ पासून हेच काम करतं.

इशारा मिळाला, किंवा जोराचा धक्का बसून समुद्र अचानक मागे हटला, तर होड्या बघायला किनाऱ्यावर जायचं नाही. उंच जागा गाठायची आणि पहिली लाट ओसरली म्हणून लगेच उतरायचं नाही, कारण पुढची लाट मोठी असू शकते.