सर जॉन मॅक्डोनल्ड

कॅनडाचे पहिले मुख्य प्रधान सर जॉन मॅक्डोनल्ड यांचा जन्म सन १८१५ मध्यें स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं झाला. वडिलांचा धंदा बुडाल्यामुळें सन १८२० मध्यें हें कुटुंब समुद्र ओलांडून ओंटॅरिओ सरोवराच्या कांठीं किंग्स्टन गांवीं आलें. जॉनला कॉलेजचें तोंड पाहावयास मिळालें नाहीं. पंधराव्या वर्षींच तो एका वकिलाच्या कचेरींत उमेदवारीस राहिला व तेथेंच कायदा शिकला.

सन १८३८ मध्यें अमेरिकेच्या बाजूनें एक सशस्त्र टोळी नदी उतरून कॅनडांत घुसली. तिचा नायक फॉन शुल्ट्झ पकडला गेला. लोक खवळलेले, अशा कैद्यास सल्ला देणें म्हणजे त्यांचा रोष ओढवून घेणेंच. तेवीस वर्षांच्या या वकिलानें तें काम पत्करलें. लष्करी न्यायालयापुढें त्याला बोलण्याची मुभा नव्हती, व कैदी फांशीं गेला. तरी त्याचें हें धैर्य आम्हांस त्याच्या पुढील सर्व पदव्यांहून मोठें वाटतें.

सन १८४४ मध्यें ते कायदेमंडळांत निवडून आले. सन १८६४ मध्यें आपले कट्टर वैरी जॉर्ज ब्राऊन यांच्याशीं हातमिळवणी करून त्यांनीं प्रांतांच्या ऐक्याचा प्रश्न हातीं घेतला, आणि १ जुलै १८६७ रोजीं चार प्रांतांचें संघराज्य अस्तित्वांत आलें. घरीं मात्र सुख बेताचेंच होतें. पहिली पत्नी वर्षानुवर्षें अंथरुणाला खिळून वारली, थोरला मुलगा तान्हेपणींच गेला, दुसऱ्या पत्नीची कन्या जन्मतःच अपंग निघाली. मद्याचें व्यसन तर जगजाहीर होतें.

रेल्वेचा मक्ता मागणाऱ्या धनिकाकडून पक्षानें निवडणुकीसाठीं पैसा घेतल्याचें उघडकीस येऊन सन १८७३ मध्यें त्यांस राजीनामा द्यावा लागला. सन १८७८ मध्यें ते पुन्हा अधिकारावर आले, व सन १८८५ मध्यें लोहमार्ग पश्चिम समुद्रापर्यंत पोंचला. तो बांधण्यासाठीं हजारों चिनी मजूर खपले होते. त्याच वर्षीं येणाऱ्या प्रत्येक चिन्यावर ५० डॉलर कर बसला! सन १८८३ पासून मूळ रहिवाशांचीं मुलें आईबापांपासून तोडून वसतिशाळांत ठेवण्याचें धोरण त्यांच्याच सरकारनें चालविलें. तेथें मुलांना स्वतःच्या भाषेंत बोलण्याबद्दल शिक्षा होई. या शाळा मुख्यतः ख्रिस्ती मिशनांच्या हातीं होत्या, ही गोष्ट मिशनच्या शाळेच्या वार्षिकांत दडवून ठेवणें आम्हांस बरें वाटत नाहीं. त्याबद्दल कॅनडाच्या सरकारनें सन २००८ मध्यें क्षमा मागितली.

६ जून १८९१ रोजीं, मुख्य प्रधान असतांनाच, ते ओटावा येथें वारले. त्यांना किंग्स्टन येथें पुरलें. तेथील उद्यानांतील त्यांचा पुतळा सन २०२१ मध्यें नगरसभेच्या ठरावानें हलविण्यांत आला.