डॉगरीज खुंट देणारे मन्सन आणि टिकणारी रेड वाइन

अंधेरी किंवा मुलुंडच्या दुकानात नाशिकच्या शिराझची बाटली दिसली, तर ती ज्या बागेतून आली तिथली मुळे बहुधा अमेरिकेतील रानवेलींच्या वंशातली असतात. आपण ज्या खुंटावर पाचर कलम करतो, त्या डॉगरीजची निवड करणारे गृहस्थ म्हणजे थॉमस व्होल्नी मन्सन.

त्यांचा जन्म १८४३ चा, इलिनॉय राज्यातील अस्टोरिया गावचा. १८७० मध्ये केंटकीत पदवी घेतल्यावर ते नेब्रास्कात गेले आणि द्राक्षाच्या मागे लागले. तिथे दुष्काळ आणि टोळधाडीने त्यांची सारी मेहनत वाया घालवली. १८७६ मध्ये ते टेक्सासमधील डेनिसनला आले. आजूबाजूच्या रानात द्राक्षाच्या जंगली वेली जिकडे तिकडे होत्या. घोड्यावरून आणि रेल्वेने हिंडून त्यांनी त्या गोळा केल्या, त्यांची वर्गवारी केली आणि संकर केले.

त्याच काळात फ्रान्सच्या बागा वाळत होत्या. फायलोक्झेरा ही बारीक कीड अमेरिकेतूनच तिकडे गेली होती. ती मुळांतला रस शोषते, मुळे सडतात आणि वेल मरते. औषधांनी ती आवरेना. अमेरिकन वेली या किडीसोबतच वाढलेल्या असल्याने त्यांची मुळे तिला दाद देत नाहीत, म्हणून त्यांच्यावर फ्रेंच जातींचे कलम सुरू झाले. पण कोन्याकसारख्या चुनखडीच्या भागात हे खुंट पिवळे पडू लागले. चुनखडीच्या रानात लोहाअभावी पाने पिवळी पडलेली तुम्हीही पाहिली असतील.

१८८७ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर व्हियाला अमेरिकेत आले आणि मन्सन यांना भेटले. मन्सन यांचा सल्ला सरळ होता: चुनखडीत टिकणारा खुंट हवा तर चुनखडीच्या टेकड्यांवरच शोधा. टेक्सासच्या अशा टेकड्यांवर बर्लँडिएरी नावाची वेल वाढते. तिथल्या काड्या फ्रान्सला गेल्या. बर्लँडिएरीच्या काडीला मुळ्या सहज फुटत नाहीत, म्हणून पुढे तिचे रुपेस्ट्रिससारख्या जातींशी संकर झाले. आपल्याकडचा ११० आर हा त्यातलाच. १८८८ मध्ये फ्रान्सने मन्सन यांना कृषी सन्मान दिला.

गंमत अशी की त्यांनी स्वतः तीनशेच्या आसपास फळजाती काढल्या, पण त्यांतल्या फारच थोड्या आज लागवडीत आहेत. जगभर राहिले ते खुंट. १९०९ मध्ये त्यांचा द्राक्षशेतीवरचा मोठा ग्रंथ आला आणि १९१३ मध्ये डेनिसनलाच त्यांचे निधन झाले.

टेक्सासमधल्याच एका ठिकाणाचे नाव मिळालेला डॉगरीज आपल्याकडे क्षारयुक्त पाणी आणि पाण्याची टंचाई सोसतो, म्हणून खाण्याच्या द्राक्षाला चालला. वाइनच्या द्राक्षात मात्र त्याचा जोमच आड येतो. वेल माजते, घडावर सावली पडते, सालीला रंग कमी भरतो. शिवाय हा खुंट पालाश भरपूर उचलतो. मण्यात पालाश वाढला की रसाचा सामू चढतो. असल्या रसाची रेड वाइन रंगाला फिकी पडते, तिच्यात जिवाणू लवकर शिरतात आणि ती वर्षानुवर्षे ठेवता येत नाही. दिंडोरीसारख्या सह्याद्रीच्या कुशीतल्या, थंड रात्रींच्या भागातही हा दोष वायनरीला पुरता झाकता येत नाही.

म्हणून वायनरीशी करार करणार असाल तर ११० आरचा विचार आधी करा. मात्र माती आणि पाण्याचा अहवाल पाहिल्याशिवाय नको, कारण पाणी फार खारट असेल तर डॉगरीज सोडणे परवडेलच असे नाही. तो अहवाल घेऊन मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्या. जुन्या डॉगरीजवरच्या बागेत पालाशाचा डोस सवयीने देऊ नका, देठ परीक्षण करून ठरवा, आणि घडाजवळची पाने वेळेवर विरळ करा. खुंट एकदा लावला की बाग काढेपर्यंत तोच राहतो.